दहा सेंटिमीटरची रेघ

बेरिनने पाकिटं पत्त्यांसारखी पिसली.
सिदिकाच्या हाती 'अ' आला, माझ्या हाती 'ब'.
अ म्हणजे अंगठा, ब म्हणजे सुई,
हे टेबलावर पालथं पडल्यावर कळलं.

क्युताह्यात फरशा रंगवणाऱ्या बायका
पाठमोऱ्याही ओळखू येतात:
उजवा खांदा कानाशी कुजबुजायला निघालेला.
मान मोडून काम करणं
हे आमच्यात नुसतं बोलायचं नसतं.
कुंचला गाढवाच्या आयाळीचा,
म्हणजे त्याच्याही मानेचाच.
त्याने ट्यूलिपची मान काढायची एका श्वासात,
न थरथरता.
दिवसाला चाळीस माना. अठरा वर्षं.

सुईचं सांगते.
आत जाते तेव्हा काही वाटत नाही.
मग बेरिन ती गाठ शोधते, वाटाण्याएवढी,
आणि सापडली की मांस आपोआप उडतं,
बादलीतल्या मासळीने शेपूट आपटावं तसं.
माझ्याच खांद्यात कुणी परका राहत होता,
भाडं न देता,
त्याला दारावरची थाप ऐकू आली.
नंतर दोन दिवस ठणका.

अंगठ्याचं सिदिका सांगायची,
दुपारच्या चहाला, ग्लासच्या कडेवर बोट फिरवत.
दाबते, म्हणाली. आणि थांबते.
नव्वद सेकंद.
कळ आधी डोळ्यांपर्यंत चढते,
मग तळाशी बसल्या साखरेसारखी
न ढवळता विरघळते.
"आणि मग?"
मग काय. ती घड्याळ बघते,
मी टेबलाच्या भोकातून खालची फरशी.
छापील आहे. हातची नाही.

शेक दोघींना सारखा. व्यायाम सारखे:
हनुवटी आत, कान खांद्याकडे, दहा वेळा.
बाकी सगळं सारखं ठेवलं
तरच तुलना खरी, बेरिन म्हणायची.

दर शुक्रवारी एक कागद, त्यावर दहा सेंटिमीटरची रेघ.
डावं टोक: दुखत नाही.
उजवं टोक: याहून जास्त दुखूच शकत नाही.
मधे कुठेतरी खूण करायची,
बेरिन पट्टी लावून मिलिमीटर लिहून घ्यायची.
आता, आमच्यासारख्यांच्या हाती रेघ द्यायची म्हणजे.
आम्हाला झोपेतही कळतं
कुंचला कुठे थांबवायचा.

चौथ्या शुक्रवारी मी तीनवर खूण केली.
दुखत होतं सहाइतकं.
पण पोर रात्रपाळी करून येते,
प्रत्येक सुईआधी "माफ कर, आब्ला" म्हणते,
तिचा आकडा खाली आणावासा वाटला.

सिदिकाने सातवर केली.
मी शेजारीच बसले होते.
बारीक उभी खूण, न थरथरता.
त्याच सकाळी तिने भट्टीची सगळ्यात वरची फळी गाठली होती,
हात सरळ वर नेऊन,
दोन वर्षांत पहिल्यांदा.
मी गप्प राहिले.
नियाझीला जाऊन अकरा वर्षं झाली,
आणि सात लिहिलं की पुन्हा बोलावतात.

निकाल लागला: सुई सरस.
फरक लक्षणीय, असं म्हणताना बेरिन
काठोकाठ भरलेला कप नेत असल्यासारखी चालत होती.
मालक खूश. सगळ्यांच्या सुयांचे पैसे मी देतो, म्हणाला.
सिदिका उठून हात धुवायला गेली.
खूप वेळ धूत राहिली.

काल शेवटची फरशी सुकायला ठेवली
आणि मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.
कुठे?
"जरा वर. आत. हं."
नव्वद मोजायला लागले, बासष्टवर चुकले,
परत एकपासून.
तिच्या रुमालावर माझ्या अंगठ्याचा डाग पडला, राखाडी.
भट्टीत गेल्याशिवाय कोबाल्ट निळा होत नाही.
"धुतला की जाईल," ती म्हणाली,
"तू मोज."